दाखल-खारीज

2023 च्या दिवाळीच्या तोंडावर उदगीरचे पाहुणे गाडी करून आमच्या गावी आले, ते त्यांच्या आजोबांना शोधायला. आजोबा वारून बारा वर्षं झालेली. पण ते लहानपणी आजोळी, म्हणजे आमच्या गावी, चार बुकं शिकले होते, आणि शाळेच्या दप्तरात त्यांची नोंद असणार, असं घरात कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा सगळ्या मराठवाड्यात हेच चाललं होतं. मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचे म्हणून महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि निजामाच्या काळातले कागद धुंडाळून कुणाच्या नावापुढं ‘कुणबी’ लिहिलंय ते बघणं सुरू होतं. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं एकाएकी मोलाची झाली होती.

आमचं गाव भालकी तालुक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि आम्ही म्हैसुरात. लेकी दिल्या-घेतलेल्या तशाच राहिल्या. शाळेचं दप्तरही शाळेतच राहिलं.

मुख्याध्यापक बाईंनी लोखंडी कपाट उघडून दिलं. बाई धारवाडकडच्या, कन्नड अस्खलित, मराठी कामापुरतं. सगळ्यात खालच्या खणातून कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर निघालं. कसर लागलेली, कडा झडलेल्या, शाई चहासारखी तांबूस झालेली. वर लिहिलेलं काय ते कुणालाच लागेना. बाईंना लागेना, मराठीच्या गुरुजींना लागेना, पाहुण्यांना लागेना आणि मलाही लागेना. आम्ही पाच शिकलेली माणसं त्या रजिस्टराभोवती उभे होतो. चहा घेऊन आलेल्या बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, मावशी म्हणाल्या, “मामा असते तर चट वाचले असते.”

मामांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मामा आमच्या शाळेचे चपराशी. ‘शिपाई’ हा शब्द आम्ही नंतर पुस्तकातून शिकलो. तोंडावर मात्र ते सगळ्यांचे मामाच. गुरुजींचे मामा, आमचे मामा. ज्यांचे वडील त्यांच्या हाताखाली शिकले त्यांचेही मामा. ‘हाताखाली शिकले’ हे चपराशाबद्दल लिहिताना हात जरा अडतो, पण खोडत नाही.

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा दीड हात तुकडा, कडुनिंबाला तारेनं टांगलेला. तो मारायचा लोखंडी टोला मामांच्या खोलीत दाराआड असायचा, आणि त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. एका आवारात दोन शाळा भरायच्या, मराठी आणि कन्नड. प्रार्थना दोन, हजेऱ्या दोन, पंधरा ऑगस्टची भाषणंही दोनदा. घंटा मात्र एकच. पहिली घंटा सावकाश, एकेक टोला सुटा, शेतातून येणाऱ्या पोराला पाय उचलायला वेळ मिळावा असा. दुसरी घाईची. सुटीची मात्र ते मारत नसत, वाजवत असत. शेवटचे चार-पाच टोले एकात एक मिसळून जायचे आणि त्यांची घुमण संपायच्या आत आम्ही ओढ्यापलीकडं असायचो.

दसऱ्याच्या आधी फळे काळे करायचं काम असे. रेडिओतले आणि बॅटरीतले मेलेले सेल मामा वर्षभर एका डब्यात साठवायचे. ते दगडावर फोडून आतली काळी पूड काढायची, धोत्र्याचा पाला वाटून त्याचा रस त्यात घालायचा आणि जुन्या धोतराच्या बोळ्यानं फळ्यावर ओढायचं. ओढायचं ते आडवं, एका दिशेनं. परत हात मागं आणला की ओरडायचे. “मागं आणू नकोस, खडू घसरतो.” दोन दिवस सुकला की त्यावर पहिलं अक्षर कोण काढणार यावरून गुरुजी लोकांत गंमत चालायची. मामा तेवढ्यापुरते बाजूला उभे राहायचे, हात कोपरापर्यंत काळे. कानावर पेन्सिलीचा तुकडा. तो तुकडा त्यांच्या कानावर कायम असे. चपराशाला पेन्सिल कशाला लागते, असं एका नव्या गुरुजींनी हसत विचारलं होतं. मामा काही बोलले नाहीत.

पेन्सिल लागायची ती फसली सनासाठी.

निजामाच्या राज्यात सरकारी कागदाला इसवी सन नसायचं, फसली असायचं. महिनेही वेगळे : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी असे. वर्ष सुरू व्हायचं ते आजूरमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात. आमच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर त्याच सनात, उर्दूत, वरच्या ओळीत ‘मदरसा-ए-तहतानिया’ म्हणजे प्राथमिक शाळा. ते दप्तर लिहिणारे मुन्शी 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर पांगले. पुढं मराठी गुरुजी आले, नंतर कन्नड गुरुजी आले. प्रत्येकाला आपापलं वाचता येत होतं. त्या जाड रजिस्टरापुढं मात्र सगळे थांबायचे आणि हाक मारायचे, “मामा!”

मामा हात धुऊन यायचे. आधी धोतराला पुसायचे, मग बोट ठेवायचे, आणि ओळ उजवीकडून वाचत जायचे. वाचताना ओठ हलायचे. मग कानावरची पेन्सिल काढून चिठोऱ्यावर बेरीज. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, हे एका कारकुनाला कुणीतरी सांगितलं होतं आणि तो सरसकट तेवढंच मिळवायचा. मामांनी त्याला पकडलं. “आजूर, दै, बहमन असलं तरच पाचशे नव्वद. इस्फंदार लागलं की एक्क्याण्णव. न्हाई तर माणूस एक वर्षानं म्हातारा होतंय.” कारकून पदवीधर होता. त्यानं शांतपणे मागच्या महिन्याभरातले दाखले परत काढले.

एका वर्षाच्या फरकानं माणसाची नोकरी जायची किंवा राहायची, लेकीचं लग्न कायद्यात बसायचं किंवा नाही, स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचा अर्ज अडायचा किंवा सुटायचा. गावोगावची माणसं दाखल्यासाठी यायची आणि सही हेडमास्तरांची असायची. मामांच्या नोकरीच्या कागदावर काम काय लिहिलं होतं? झाडणे, पाणी भरणे, घंटा देणे, टपाल पोचवणे. वाचणे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं ते गेल्यावर जी जागा रिकामी झाली तीही कुठं नोंदली गेली नाही.

मी सातवीत असताना, उन्हाळ्याच्या सुटीत, त्यांनी मला स्वतःहून बोलावलं. शाळा बंद, ओसरीवर रिकामा गारवा. “पाटी घेऊन ये. ही वळणं शिकवून ठेवतो, पुढं कामाला येतील.” अलिफ म्हणजे नुसती काठी. बे, पे, ते ही एकच होडी. टिंबं खाली एक, खाली तीन, वर दोन. जीम आलं की पोटात टिंब. मी जीमपर्यंत गेलो. मग आत्याची मुलं आली, आंबे उतरले, ओढ्याला डोह होता. दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी तोंड चुकवलं. मामांनी वाटेत गाठून एवढंच म्हटलं, “असू दे. पुढच्या उन्हाळ्यात चे पासून लागू.” पुढच्या उन्हाळ्यात मी शिकायला उदगीरला होतो. चे राहिलं ते राहिलंच.

माझी चूक मी मोठी करून सांगत नाही. मुलं अशीच असतात. पण चाळीस वर्षं त्या खोलीत बसून गेलेल्या गुरुजींपैकी, हेडमास्तरांपैकी, तालुक्याहून येणाऱ्या साहेबांपैकी एकालाही वाटलं नाही की हा माणूस म्हातारा होतोय, याच्याकडून हे उतरवून घ्यावं. मामांनी वाचायचं आणि आपण सही करायची, ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की ती कायमची आहे असंच सगळे धरून चालले.

त्याच वर्षी आमची सहल बिदरला गेली होती. किल्ला बघून झाला आणि महमूद गवानच्या मदरशात आलो. 1472 सालचा मदरसा, एक मिनार उभा, दुसऱ्या बाजूची इमारत 1696 च्या स्फोटात उडालेली, भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे. गुरुजी सांगत होते, इथं इराणातून विद्वान यायचे, मोठं ग्रंथालय होतं. मामा खांद्यावर पाण्याची घागर घेऊन, पोरं मोजत मागं उभे. मान वर करून सगळा चौक त्यांनी डोळ्यांनी एकदा मोजला आणि विचारलं, “गुरुजी, एवढं झाडायला किती माणसं ठेवली असतील?” सगळे हसले. गुरुजीही हसले. उत्तर कुणी दिलं नाही, आणि कुठल्या पुस्तकात ते मिळेल असं मला आजही वाटत नाही.

भालकीच्या हिरेमठाची गोष्ट आमच्याकडं प्रत्येक मुलाला ठाऊक असते. निजामाच्या राज्यात चन्नबसव पट्टद्देवरूंनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवलं. भाषणात ही गोष्ट आली की टाळ्या पडतात आणि पडायलाच पाहिजेत. मला मात्र हल्ली त्या दाराचं वेगळंच वाटतं. आत शिकवणं चालू असताना बाहेर ओट्यावर कुणीतरी बसलेलं असणार. कोण येतंय त्यावर नजर ठेवणारं, झाडू हातात धरून उगाच झाडणारं. त्याला आतलं किती ऐकू येत होतं कोण जाणे.

मामा निवृत्त झाले 1994 साली. आमच्या भागातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला असतो; शाळेत घालताना गुरुजींनी तारीख ठोकून द्यायची, ती शाळा उघडायच्या महिन्याची. मामांच्या सेवापुस्तकातही 1 जून 1936. म्हणजे निवृत्ती 31 मेला, ऐन सुटीत. शाळेला कुलूप, गुरुजी गावोगाव. ना हार, ना नारळ, ना भाषण. त्या संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा कुणाकडं द्यायचा हेच त्यांना कळेना. हेडमास्तर गुलबर्ग्याला लेकीकडं गेलेले. मामांनी जुडगा घरी नेला, देवळीत ठेवला, आणि शाळा उघडली त्या दिवशी नेहमीच्या वेळेला येऊन कुलूप काढलं, आवार झाडलं, घंटा दिली. पहिली घंटा सावकाश. मग ऑफिसात जाऊन किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “आता बघा तुमचं.” मी तिथं नव्हतो. हे मला त्या वेळच्या एका गुरुजींनी सांगितलं आणि सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

त्यांच्या जागी माणूस आला नाही. काही वर्षं रोजंदारीवर एक पोरगा होता, मग तोही गेला. आता घंटा मुलंच मारतात, पाळीनं. कुठलाही टोला कसाही. कर्नाटकातलं हे रडगाणं महाराष्ट्रातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडं तर कागदावरच करून टाकलंय. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांमधला शिपाई निवृत्त झाला की जागा संपते आणि त्याऐवजी शाळेला भत्ता मिळतो. ग्रामीण भागात महिना 5000 रुपये. त्या पैशात एखादा आवार झाडून देईल, घंटाही देईल. दुष्काळात कुणाच्या घरची चूल पेटली नाही आणि कुठला पोरगा उपाशी वर्गात बसलाय, हे त्याला कळेपर्यंत त्याची तिथली पाळी संपलेली असेल.

आता शाळेत असं सगळं कळणारं कुणी असेल तर त्या बिसीऊटाच्या मावशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं. आमच्या बिदर-गुलबर्गा पट्ट्यात त्यासाठीची अक्षर दासोह योजना 2002-03 मध्येच सुरू झाली. आमच्याकडच्या ज्वारी खाणाऱ्या पोरांना रोज भात-सांबार गिळायला लावणं हे सोपं काम नव्हतं. पहिल्या वर्षी ताटं भरलेलीच परत यायची. मावशींनी सांबारात तुरीची डाळ वाढवली, अंबाडीचा पाला घातला, आणि मग पोरं दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली. त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात; केंद्रानं 2009 मध्ये ठरवलं तेव्हा महिना 1000 रुपये, तेही वर्षाचे दहाच महिने. पुढं राज्यानं आपली भर घातली, पण शब्द मानधनच राहिला. मान आणि धन हे दोन्ही शब्द एकत्र आले की त्यातलं काहीच पुरेसं मिळत नाही, हा माझा अनुभव.

निवृत्तीनंतरही मामांना बोलावणं यायचं. 2013 साली आमच्या भागाला घटनेचं कलम 371-जे लागू झाल्यापासून तर जास्तच. नोकरीला, कॉलेजला, आपण इथलेच असल्याचा पुरावा पाहिजे. ज्याला बापाचा मिळेना तो आजाचा शोधत यायचा. शाळेतून पोरगं पळत येई, “मामा, मोठ्या बाईंनी बोलिवलंय.” मामा टोपी घालून निघायचे. पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी ते बोट ठेवून ओळ लावायचे. त्याबद्दल त्यांना एक कप चहा मिळे. कुणी दहाची नोट पुढं केली तर म्हणत, “ठेव. ह्याचं पैसं घेतेत व्हय?”

त्या काळात मी एकदा त्यांच्यासोबत बसलो होतो. पानं उलटताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि पुढं गेलं. मी विचारलं, कोण? म्हणाले, “मीच की.” मग हसत सांगितलं. नोकरी लागली 1954 ला, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. अठरा पुरे असल्याशिवाय घेत नव्हते, म्हणून कारकुनानं जन्मसाल दोन वर्षं मागं नेलं. म्हणजे निवृत्त झाले तेव्हा खरं वय छप्पन्न. दोन वर्षांचा पगार बुडाला. शेकडो माणसांच्या जन्मतारखा ज्यानं त्या रजिस्टरातून सरळ करून दिल्या, त्याला स्वतःची सरळ करता येत नव्हती. केली असती तर पहिल्या दिवसापासूनची नोकरीच खोटी ठरली असती. मी हळहळलो. मामा म्हणाले, “लागताना सरकारची दोन वर्सं उसनी घेतलतो. जाताना फेडलो. देणं फिटलं.”

2019 च्या पावसाळ्यात ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं. शाळा त्या दिवशी भरली होती. चालू नोकरीत नसलेल्या माणसासाठी सुटी देता येत नाही. स्मशानाची वाट शाळेवरूनच जाते, आणि मधल्या सुटीची वेळ असल्यानं पोरांचा कल्ला चालू होता असं म्हणतात.

तर त्या दिवाळीत आम्ही फोन काढून रजिस्टराच्या पंधरा-वीस पानांचे फोटो घेतले आणि बिदरला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेलो. म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, जाड भिंग. फोटो मोठा करून करून ते एकेक ओळ वाचत होते. पाहुण्यांच्या आजोबांचं नाव काही निघालं नाही. ते पान कसरीनं खाल्लं असेल, किंवा आजोबांनी चार बुकं शिकल्याची थाप मारली असेल. पाहुणे उठून बाहेर गाडीशी गेले. मी बसून राहिलो आणि 1357 फसलीचं पान परत लावायला सांगितलं.

त्यांनी वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. मामांचं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून इथं लिहीत नाही. जन्म, तीर 1347. तीर म्हणजे मे. 591 मिळवले, 1938. बरोबर. पुढं खारीज झाल्याची तारीख, आणि शाळा सोडण्याचं कारण.

“गुरबत,” ते म्हणाले. “समजलं ना? गरिबी.”

मी मान हलवली. ते भिंग खाली ठेवणार तेवढ्यात थांबले, फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. शेवटच्या रकान्यात आणखी काहीतरी होतं, फिकट, दुसऱ्या हातचं. वळण बारीक, एकेक अक्षर सुटं, शिकाऊ पोरानं काढावं तसं.

“फिर दाखिल, 1954,” त्यांनी वाचलं. मग जरा नाराजीनं माझ्याकडं बघितलं. “हे पेन्सिलनं कुणी लिहिलं? सरकारी रजिस्टरात पेन्सिल चालत नाही.”